बॉल पायथनची जोडी कधी लावायची आणि किती वर्षांनी

दिवाळी झाली, रात्री जरा गारवा यायला लागला की बॉल पायथन हा आफ्रिकन साप पाळणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात. मादी अडीच वर्षांची आहे, १२०० ग्रॅम भरतेय, नर पण तयार आहे, लावू का जोडी? सरळ सांगतो, नका लावू. मादीला ३ वर्षं तरी पूर्ण हवीत, माझं विचाराल तर ४, वजन १५०० ग्रॅमच्या वर हवं आणि शक्यतो १७००-१८०० च्या आसपास, आणि एकदा अंडी दिली की पुढचा अख्खा सीझन तिला सुट्टी, म्हणजे वर्षाआड. घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी पुष्कळ झालं, खाली लिहिलंय ती ह्याची कारणं आणि पद्धत.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे पण ह्याच्याशिवाय पुढे जायचंच नाही. बॉल पायथन मुळात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यातला, आणि सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) अपेंडिक्स २ मध्ये आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात सायटिसमधल्या प्राण्यांचं वेगळं शेड्यूल ४ आलं. मग २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते, आणि नोंद फक्त तुम्ही घेतलेल्या सापाची नाही, तर पिल्लं झाली तरी कळवायचं, साप मेला तरी कळवायचं, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. म्हणजे विचार करा, आईबापाचेच कागद नसतील तर पिल्लांचे कुठून येणार, आणि बिनकागदाची पिल्लं तुम्ही देणार कोणाला? जो घेईल तो पण अडकणार. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एकाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांमध्ये कोंबलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक पकडले होते. बाजारात स्वस्तात, बिनपावतीचा मिळणारा साप असाच कुठून तरी आलेला असू शकतो. त्यामुळे कागद नाहीत तर ब्रीडिंग नाही, विषय संपला.

आणि एक, आपला जंगलातला अजगर शेड्यूल १ मध्ये आहे, तो घरात ठेवणंच गुन्हा आहे. "बॉल पायथन ठेवतोस मग आपला अजगर का नाही" असं विचारणारे भेटतात, त्यांना हेच सांगायचं.

मादी खरंच तयार आहे का

वजनाचा आकडा सगळे विचारतात कारण तो मोजता येतो, किचनचा डिजिटल वजनकाटा घेतला, डब्यात साप ठेवला, झालं. पण १५०० ग्रॅम कसे झाले ते जास्त महत्त्वाचं आहे. लवकर ब्रीड करायचं म्हणून दर ४-५ दिवसांनी उंदीर घालून दीड-दोन वर्षांत मादीला १५०० वर नेणारे लोक आहेत. ती मादी दिसते मोठी, पण ती वाढलेली नसते, चरबी साठलेली असते, आणि अशा मादीचीच अंडी अडकायची किंवा निकामी निघायची भीती जास्त. निरोगी मादीचं अंग आडवं कापल्यासारखं डोळ्यासमोर आणलं तर गोलसर त्रिकोण दिसतो, पाठीचा कणा हाताला लागतो पण वर आलेला दिसत नाही. सरळ पडलेली असताना अंगावर चरबीच्या घड्या दिसत असतील किंवा शेपटीच्या अलीकडे दोन बाजूंना फुगलेलं दिसत असेल तर ती लठ्ठ आहे, मग काटा काहीही म्हणू दे.

मोठ्या मादीला १०-१४ दिवसांतून एकदा, तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा त्याहून थोडा बारीक उंदीर, एवढं पुरे. ४ वर्षांत ती आपोआप त्या वजनाला येते. आली नाही तर अजून एक वर्ष थांबायचं. हा साप नीट सांभाळला तर २०-३० वर्षं सहज जगतो, अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमधल्या एका मादीने जुलै २०२० मध्ये ७ अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं आणि निदान १५ वर्षं तिने नर बघितला नव्हता! (नराचं वीर्य मादी बराच काळ साठवू शकते आणि काही वेळा नराशिवायही अंडी फळतात, त्यामुळे "माझी मादी एकटीच असते, अंडी कशी घातली" म्हणून घाबरून जाऊ नका.) एवढं आयुष्य असलेल्या जनावराच्या बाबतीत एक वर्ष थांबायला आपल्याला जड का जातं हे मला कळत नाही.

नराचं सोपं आहे. दीड वर्षाचा, ७०० ग्रॅमच्या आसपास, नीट खाणारा. लोक ५०० ग्रॅमचे नर पण लावतात, लागतो तो, पण सीझनमध्ये नर खाणं सोडून देतो आणि लहान नराकडे सोडायला काही शिल्लक नसतं. दर आठवड्याला वजन करायचं, सुरुवातीच्या वजनापेक्षा १० टक्के खाली गेला की त्याचा सीझन संपला, मग मादीने दाद दिलेली असो वा नसो. एका नराला ३-४ माद्यांच्या वर नाही. आणि दोन नर एका टबमध्ये (साप ठेवायच्या डब्यात) कधीच नाही, मारामारी होते.

नर की मादी हे शेपटीजवळच्या नख्यांवरून ठरवू नका, त्यात फसायला होतं. जाणकाराकडून प्रोबिंग (शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून तपासणं) करून घ्या आणि स्वतः शिकायला जाऊ नका, चुकीच्या हातांनी केलं तर आतून इजा होते.

कोणाशी कोण

मॉर्फचा (वेगळ्या रंग-नक्षीच्या प्रकारांचा) मोह सगळ्यांना होतो, १९९२ मध्ये बंदिवासात पहिला अल्बिनो बॉल पायथन जन्मला आणि तिथून हे वेड वाढतच गेलं. पण काही जीन्समुळे पिल्लाला त्रास घेऊनच जन्माला यावं लागतं. स्पायडर सगळ्यात प्रसिद्ध. त्याचं डोकं डुगडुगतं, मान उलटी वळते, उंदरावर नेम चुकतो, आणि हे "नाचरा आहे, गोड दिसतो" म्हणून दाखवणारे व्हिडिओ बघितले की डोकं फिरतं, कारण ह्या सापांच्या कानाच्या आतल्या भागाची, जिथे तोल सांभाळला जातो त्याची, रचनाच बिघडलेली असते. इंग्लंडमध्ये इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने त्यांच्या शोमध्ये स्पायडर विकायला बंदी घातलीये. वोमा, शॅम्पेन, हिडन जीन वोमा ह्यांच्यात पण कमीजास्त प्रमाणात तोच प्रकार. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये कणा वाकडा आणि तोंड बदकासारखं निघण्याची शक्यता, कॅरॅमल अल्बिनोमध्ये पण वाकडे कणे, डेझर्टच्या माद्यांना अंडी घालायलाच अडचण, लेसर मॉर्फची लेसरशीच जोडी लावली तर पिल्लांचे डोळे बाहेर आलेले असू शकतात. ह्यातली जोडी लावायचीच नाही. पाईड, क्लाउन, पेस्टल, मोहावे, बनाना एवढे सगळे सुंदर आणि धडधाकट पर्याय आहेत की.

भाऊ-बहीण, बाप-मुलगी हे पण नको. आपल्याकडे मुळात कागदवाले साप कमी आणि त्यातले बरेच एकाच दोन ठिकाणांहून आलेले, त्यामुळे दोघांचे आईबाप कोण हे विचारूनच घ्या.

आणि बाहेरून नर आणला, उसना आणला (हे हल्ली फार चालतं), तर निदान ३ महिने वेगळ्या खोलीत. वेगळा चिमटा, वेगळं पाण्याचं भांडं, आधी आपल्या सापांचं करून मग त्याचं. अंगावरचे माइट (बारीक किडे) तर दिसतात, पण निडोव्हायरस (श्वसनाचा आजार करणारा विषाणू) दिसत नाही, तो बरेच दिवस काही लक्षण न दाखवता असू शकतो आणि मग एकदम श्वासाचा त्रास, तोंडात चिकट लाळ, आणि तोपर्यंत टबांच्या अख्ख्या रॅकमध्ये पसरलेला असतो. तोंडाचा स्वॅब घेऊन पीसीआर होते, एक्झॉटिक बघणारे डॉक्टर सांगतात कुठे पाठवायचं. असा डॉक्टर नोव्हेंबरच्या आधी शोधून ठेवायचा, मार्चमध्ये अंडी अडकल्यावर नाही. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सापाला हात लावणारे फार थोडे.

सीझन

घाना-टोगोकडे माद्या साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीला, कोरडा हंगाम संपत आलेला असताना अंडी घालतात आणि पाऊस सुरू होतो तशी पिल्लं निघतात. आपल्याकडे पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोड्या लावायच्या आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास अंडी, असंच बसतं. परदेशी गाइडमध्ये लिहिलेलं असतं की रात्रीचं तापमान २४-२५ पर्यंत उतरवा. पुण्या-नाशिकला उतरवायचा प्रश्नच नाही, तिथे खोलीच १५ ला जाते, त्यामुळे थर्मोस्टॅटवर हीट मॅट चालूच ठेवायची, थंड बाजू २४ च्या खाली नको, गरम बाजू ३१-३२. खाली गेलं की सर्दी, न्यूमोनिया, सगळा सीझन वाया. मुंबई-कोकणात उलट, तिथे बऱ्याचदा फरकच पडत नाही, तरी माद्या घालतात. तापमान उतरवणं इतकं काही जरुरीचं नाही, मादीची तब्येत जरुरीची आहे.

नराला मादीच्या टबमध्ये सोडायचं, मादीला नराकडे न्यायचं नाही. २-३ दिवस ठेवायचं, मग बाहेर काढून ५-७ दिवस सुट्टी, त्यात दोघांना खायला विचारायचं, मग परत. शेपट्या एकमेकींना गुंडाळलेल्या आणि खालच्या बाजूने चिकटलेल्या दिसल्या म्हणजे लॉक, हा काही तास टिकतो, कधी दिवसभर. त्या वेळी टब हलवू नका, सोडवायला तर अजिबात जाऊ नका, नराला कायमची इजा होऊ शकते. फोटो काढायचा तर लांबून काढा आणि झाकण लावा.

मग वाट बघायची. मादी थंड बाजूला पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसायला लागते, पोट वर करून अर्धी उलटी पडते, रंग जरा फिकट, उजळ दिसायला लागतो. ही सगळी आत फॉलिकल (अंड्यांची बीजं) वाढत असल्याची चिन्हं. ओव्ह्युलेशन (ती बीजं बीजकोशातून सुटणं) एकदाच दिसतं आणि ते चुकवायचं नसेल तर सकाळ-संध्याकाळ टब उघडून बघावं लागतं: शरीराच्या मधल्या भागाच्या थोडं खाली एकदम मोठा फुगवटा येतो, नुकताच भलामोठा उंदीर गिळल्यासारखा, शेपटीकडचा भाग आवळलेला, मादी अस्वस्थ, आणि काही तासांत, फार तर दिवसभरात ते उतरतं. तारीख लिहून ठेवा. नराचं काम इथे संपलं, त्यानंतर त्याला टाकत राहणं म्हणजे मादीला उगाच त्रास. २-३ आठवड्यांनी ती एक कात टाकते, आणि त्या कातेनंतर साधारण २५ ते ३५ दिवसांत अंडी. ह्या काळात ती खाणार नाही, खाल्लं तर लहान उंदीर द्या, नाही खाल्लं तर मागे लागू नका. ती गरम बाजूला चिकटून बसेल, तिथे ३२-३३ च्या वर जाऊ देऊ नका, एवढं बघा.

सीझनभर प्रयत्न करून काहीच झालं नाही तर? तर काहीच झालं नाही. फेब्रुवारी संपला की जोड्या थांबवा. "अजून एक महिना ट्राय करतो" हे करत बसलात की नर सुकतो आणि मादी खात नाही.

अंडी, आणि आपला उन्हाळा

ओल्या स्फॅग्नम मॉसचा (ओलावा धरणारं शेवाळ) एक डबा, मादी आत जाईल एवढं भोक पाडलेला, आत ठेवून द्यायचा. मादी बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे घालते, ४ ते ८ अंडी, सरासरी ६ धरा, आणि त्याभोवती वेटोळं घालून बसते. पिवळट, बारीक, सुरकुतलेली निघतात ती स्लग, म्हणजे न फळलेली. मादी हळूहळू उलगडायची, एक टॉवेल टाकून, ती चिडलेली असते. आता नीट लक्ष द्या: अंडं ज्या बाजूने वर आहे ती बाजू वरच राहिली पाहिजे, कारण दिवसभरातच गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटायला लागतो आणि अंडं उलटं झालं तर मरतो. साध्या पेन्सिलीने वर एक खूण करा, स्केचपेन नको. एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढू नका, अख्खा गठ्ठा तसाच ठेवा. अंधारात मोबाईलचा टॉर्च कवचाला टेकवून बघा, आत गुलाबी उजेडात लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं की जिवंत आहे.

व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं खनिज) आणि पाणी वजनाने निम्मं निम्मं, मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये, झाकणाचा डबा, आत दमटपणा ९० टक्क्यांच्या वर पण अंड्यांवर पाणी ठिबकायला नको. तापमान ३१ ते ३१.५. दिवस ५५ ते ६०.

आणि इथे आपल्याकडची खरी गोची आहे जी कुठल्याच अमेरिकन व्हिडिओत सांगत नाहीत. अंडी एप्रिलमध्ये आली म्हणजे ती एप्रिल-मे-जूनभर इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) असणार, आणि घरगुती इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही! खोली ३८ ला गेली की थर्मोस्टॅट बिचारा बंद होऊन बसतो आणि अंडी ३८ लाच शिजतात. ३३ च्या वर गेलं की कणे वाकडे निघायला लागतात, ३५ च्या वर राहिलं तर बहुतेक मेलीच. विदर्भ-मराठवाड्यात तर एसी नसेल तर हा विचारच सोडा, पुण्यात पण वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीची खोली असेल तर दुपारी काय होतं ते मे महिन्यात एकदा मोजून बघा, अंडी नसताना. उत्तरेकडची, खालच्या मजल्यावरची, सगळ्यात गार खोली निवडा. भंगारातला जुना फ्रीज मिळतो तो उत्तम, इन्सुलेशन जाड असतं, त्यात हीट केबल आणि चांगला थर्मोस्टॅट लावायचा, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या म्हणजे तापमान पटकन वरखाली होत नाही. दोन वेगवेगळे थर्मामीटर ठेवा, एकावर भरवसा नको. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर हवाच.

कोंबडीच्या अंड्यांची स्वस्तातली मशीन ऑनलाइन मिळतात, ती घेऊ नका. ती ३७.५ ला सेट असतात आणि वर अंडी फिरवतात. दोन्ही गोष्टी सापाच्या अंड्याला मारक.

मादीलाच उबवू द्यायचं का? चालतं, ती करते नीट. पण बर्मीज पायथनची मादी जशी अंग थरथरवून उष्णता तयार करते तसं बॉल पायथन करत नाही, ती मुख्यतः अंडी सुकू देत नाही, त्यामुळे खोलीचं तापमान तुम्हालाच सांभाळायला लागतं, आणि ती आणखी दोन महिने जवळजवळ उपाशी राहते. मी तरी अंडी काढून घेतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी पिचकल्यासारखी दिसतात, ते नॉर्मल आहे. मग एक दिवस कवचावर बारीक चीर, त्यातून नाकाचं टोक आणि एक बुडबुडा. पिल्लू अशा स्थितीत एक-दोन दिवस बसून राहतं, आतला पिवळा बलक शोषून घेत असतं. हौसेने कात्री लावून अंडी कापणारे आणि पिल्लाला बाहेर ओढणारे खूप आहेत. हात बांधून बसा.

आईचा हिशोब

मुद्दा इथे आहे, वर्षाआड का म्हणतो ते. समजा मादी नोव्हेंबरमध्ये १८०० ग्रॅम होती. एप्रिलमध्ये अंडी घातल्यावर तिला काट्यावर ठेवा, १२००-१२५० दिसेल. तिसरा हिस्सा गेला, आणि हे तिने स्वतःच्या अंगातून दिलेलं आहे, कारण ती जानेवारीपासून नीट खात नव्हती. त्वचा सैल, कणा वर आलेला. टब पूर्ण धुवून काढा, तिला पण कोमट पाण्याने हलकं धुवा म्हणजे अंड्यांचा वास जातो, नाहीतर ती रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसते आणि खात नाही. आठवडाभरात छोटा उंदीर द्या, नेहमीच्या अर्धा. खाल्ला की दर ७ दिवसांनी, हळूहळू साइज वाढवत. ढकलून ढकलून नाही.

अशी नीट खाल्ली तर ती परत १७००-१८०० ला यायला ६ ते १० महिने लागतात. एप्रिलमध्ये ८ महिने मिळवा, डिसेंबर आला. म्हणजे नोव्हेंबरमध्ये तुमच्या हातात १५५० ची मादी असते जी "मिनिमम"च्या वर आहे म्हणून लोक लावून टाकतात. ती घालेल सुद्धा, ४ अंडी, त्यातली २ स्लग, आणि त्यानंतर ११०० वर येऊन अडकेल. जंगलात पण मादी दर वर्षी अंडी घालतेच असं नाही, साठा भरला की घालते. त्यामुळे माझा नियम असा की आधीच्या सीझनला जे वजन होतं ते परत आलं, त्यावर निदान दोन-तीन महिने टिकलं, मगच पुढची जोडी, आणि असं केलं की आपोआप एक सीझन मध्ये जातो. व्यावसायिक ब्रीडर दर वर्षी काढतात, "आमच्या माद्या काही मरत नाहीत" म्हणतात. न मरणं ही फार खालची पातळी झाली.

अंडी अडकली होती, निम्म्याहून जास्त स्लग निघाले, आजारी पडली, तर दोन वर्षं सुट्टी आणि आधी डॉक्टर. थोडी अंडी घातली आणि दोन दिवसांनी पण पोटात गाठ लागतेय तर वाट बघू नका आणि दाबून काढायला तर मुळीच जाऊ नका, आत फुटलं तर मादी जाते. असं दोनदा झालं की ती मादी रिटायर. तसंही १२-१४ वर्षांची झाली की बास, पुढची वर्षं नुसती खाऊ दे आणि झोपू दे.

पिल्लं ठेवणार कुठे

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं. ६ पिल्लं म्हणजे ६ वेगळे टब, ६ हाईड (लपायच्या जागा), ६ पाण्याची भांडी, सगळ्यांना हीट. एकत्र ठेवायची नाहीत. जन्मतः ५०-७० ग्रॅम, ७-१० दिवसांत पहिली कात, त्यानंतर पहिलं खाणं. आठवड्याला एक उंदराचं पिल्लू प्रत्येकी, १० आठवडे धरले तर ६० उंदीर, आणि आपल्याकडे फ्रोझन सहज मिळत नाहीत, पांढरे उंदीर पाळणारा कोणी तरी गाठावा लागतो जो पावसाळ्यात हमखास फोन उचलत नाही. हो, पावसाळा, पिल्लं बरोबर जूनमध्ये निघतात. बाहेर हवा आधीच ओली, टबमध्ये टिश्यू किंवा पेपर घाला, रोज बदला, झाकणाला भोकं वाढवा, नाहीतर पोटाखालच्या खवल्यांवर लालसर डाग यायला लागतात. कोकोपीट ह्या दिवसात पिल्लांना नकोच.

एखादं पिल्लू खात नाही, प्रत्येक घरट्यात एक तरी निघतंच. टब लहान करा, हाईड घट्ट द्या, ५-६ दिवस झाकण उघडू नका, संध्याकाळी दिवा बंद करून उंदराचं पिल्लू कोमट करून हाईडच्या तोंडाशी धरा. जबरदस्तीने तोंडात घालणं हा शेवटचा उपाय आणि तो डॉक्टरांकडून बघून घ्या. ४-५ आठवडे गेले, वजन उतरतंय, तेव्हा.

सलग ५ वेळा स्वतःहून खाल्ल्याशिवाय पिल्लू कोणाला द्यायचं नाही. आणि देताना विचारायचं: टब तयार आहे का, थर्मोस्टॅट आहे का, घरचे लोक हो म्हणालेत का (हा प्रश्न सगळ्यात उपयोगी, ह्याच्यावर अर्धे लोक गळतात), हा साप तुमचं लग्न होईल, बदली होईल तेव्हा पण असणार आहे, तेव्हा काय? कागद, आईबापाचे फोटो आणि वजनं, खाण्याच्या तारखा हे सगळं सोबत. आणि "नको झाला तर मलाच परत द्या, पैसे मागणार नाही" हे लिहून. कारण नको झालेला साप टेकडीवर सोडून येणारे आहेत, मग कोणी तरी सर्पमित्राला फोन करतं, तो येतो, बघतो, आणि हा आपल्याकडचा सापच नाही म्हणून वनखात्यात फेऱ्या मारत बसतो, साप तोपर्यंत एका बरणीत. बाहेर सोडणं बेकायदा आहे आणि सोबत रोग पण जंगलात जातात.

एका मादीने ४ वर्षांपासून १२ वर्षांपर्यंत वर्षाआड अंडी घातली तरी ५ वेळा, म्हणजे ३० पिल्लं. तुमच्या ओळखीत अशी ३० घरं आहेत का हे बोटांवर मोजून बघा. नसतील तर एकदाच ब्रीड करा, किंवा तीन-चार वर्षांनी एकदा, किंवा नाही केलं तरी मादीला काही कमी पडत नाही, "एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, तब्येतीला चांगलं" वगैरे जे म्हणतात त्याला काही आधार नाही. जास्तीची अंडी काढून फ्रीझरमध्ये ठेवणारे पण आहेत, घातली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आत काही घडायच्या आत. लोकांना ते क्रूर वाटतं. मला घर नसलेली पिल्लं काढण्यापेक्षा ते बरं वाटतं, पण त्याहून बरं म्हणजे त्या नोव्हेंबरमध्ये नराला त्याच्याच टबमध्ये राहू देणं.